पावसाचा हिशोब गुहेत

आमच्या मानपाड्याच्या सोसायटीत पोडियमचा स्लॅब गळतो, आणि खाली पार्किंगमध्ये त्या जागी पांढऱ्या पोकळ काड्या लोंबतायत, टोकाला एकेक थेंब. वॉटरप्रूफिंगचं टेंडर निघतंय, निघतंयच. या काड्या म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर झिरपून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळून झालेला. चुनखडीच्या गुहांमधले लवणस्तंभ पण त्याचेच, फक्त तिकडे काम उलट चालतं, पाणी मातीतूनच कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं, वाटेत चुनखडी विरघळवतं आणि गुहेत टपकल्यावर वायू उडून जातो नि चुना राहतो. वेग मात्र फारच कमी, मिलिमीटरभर वाढायला बहुतेकदा दहा वर्षं, कधी बरीच जास्त.

तर जुना पाऊस कसा होता ते कळावं म्हणून शास्त्रज्ञ हा स्तंभ उभा चिरतात, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसल्या बारीक ड्रिलने थराथरातून चिमूटभर पावडर काढतात आणि ऑक्सिजनचे आयसोटोप, म्हणजे हलके नि जड प्रकारचे अणू, मोजतात. जड ऑक्सिजन-१८ असलेलं पाणी ढगातून आधी पडून जातं, त्यामुळे खूप बरसत आलेल्या पावसात तो कमी सापडतो. थराचं वय काढायला युरेनियम-थोरियम पद्धत, कारण युरेनियम पाण्यात विरघळून येतं, थोरियम जवळपास येतच नाही, म्हणजे दगडात जे थोरियम सापडलं ते तिथेच युरेनियमपासून तयार झालेलं.

पण "गुहेने हजारो वर्षांचा पाऊस मोजला" असले फॉरवर्ड आले की माझं डोकं फिरतं. ही काय मिलिमीटरची नोंद नाही हो! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, तो दगडात वेगळा दिसणारच नाही, वरच्या खडकात पाणी मिसळत मिसळत खाली येतं आणि एका चिमटीत कित्येक वर्षं एकत्र येतात. शिवाय ढग कुठल्या समुद्रावरून, किती लांबून आले त्यानेही आकडा हलतो. मेघालयातल्या मॉमलूह गुहेच्या बाबतीत तर हे फारच लक्षात ठेवायला हवं, आणि तिच्याच स्तंभावरून २०१८ मध्ये ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या भूवैज्ञानिक कालखंडाला मेघालयन नाव मिळालं.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती छत्तीसगडची दंडक गुहा. तिच्यात इसवी सन ६०० ते १५०० ची नोंद मिळाली, आणि चौदाव्या शतकात नि पंधराव्याच्या सुरुवातीला मान्सून वर्षानुवर्षं ढेपाळलेला दिसतो. आपल्याकडचा दुर्गादेवीचा दुष्काळ, १३९६ पासून बारा वर्षं सांगतात तो, याच काळातला. लोकांच्या आठवणीतली गोष्ट नि दगड जुळतात म्हटल्यावर दुर्लक्ष कसं करणार?

देशभरातल्या पावसाची सलग आकडेवारी आपल्याकडे १८७१ पासूनची. तेवढ्यात वाईट वर्षं आली, पण असा पिढीभर लांबलेला दुष्काळ नाही. नवी मुंबईकडे निदान मोरबे धरण आहे, ठाण्याला स्वतःचं धरणच नाही आणि घोडबंदरला नवे टॉवर थांबत नाहीयेत. हे टॉवर पास करताना सलग वीस-तीस कमी पावसाची वर्षं कुणी हिशोबात धरतं का? पाणीपुरवठ्यात काम करणारं कुणी वाचत असेल तर कमेंटमध्ये सांगा, मला खरंच जाणून घ्यायचंय.