अंगठा

रात्री ११:४२ ला मेसेज पाठवला. ११:४३ ला अंगठा आला. तोही वेगळा नाही, माझ्याच मेसेजच्या कोपऱ्याला चिकटवलेला. सही येत नसली की उमटवतात तसा.

मग तो ऑफलाइन. झोपला असणार. मी नाही झोपले.

तो मेसेज लिहायला मला चार दिवस लागले, हे त्याला कुठे माहीत? नोट्समध्ये तीन मसुदे पडलेत. पहिला इंग्रजीत. आमचं असलं सगळं इंग्रजीतच चालतं, कारण मराठीत या गोष्टींना शब्द दोनच जातीचे सापडतात, दवाखान्यातले नाहीतर शिवीतले. इंग्रजीत लिहिलं की दुसरीच कुणी बाई बोलतेय असं वाटतं, आणि तिला लाज कमी असते. या वेळी ती मध्ये नको होती. दुसरा मसुदा इतका समजूतदार झाला की राजीनामा वाटावा. तिसरा पाठवला.

समोरासमोर का नाही बोलले? गेले होते एकदा बोलायला. असो.

पण अंगठा? म्हणजे हो? की ‘वाचलं, झोप आता’? की दुखावलाय आणि दाखवत नाहीये? अंगठा दाखवणे याचा अर्थ शाळेत वाक्यात उपयोग करून शिकलोय आपण सगळे. उठल्या उठल्या बघितला, दात घासताना बघितला. पिवळा, फुगीर, समाधानी. ऑफिसात कुणी ‘फाइल पाठवलीये’ म्हटलं की मी हाच देते. आपण इतकं उघडं व्हायचं आणि समोर हा अंगठेबहाद्दर. पाचशे मैलांवर एकटी असते तर बरं, असंसुद्धा वाटून गेलं.

व्हॉट्सअॅपवर मेसेज बदलायला १५ मिनिटं मिळतात. ती मी छताकडे बघत घालवली. सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून जास्त मुदत आहे, पण मेसेज गेला तरी डिलीट केल्याची पाटी राहतेच. म्हणजे पडदा ओढायचा आणि त्यावर ‘इथे काहीतरी होतं’ असं लिहायचं.

दुपारी परत चॅट उघडलं, या वेळी बोट जरा वर सरकलं. माझ्या मेसेजच्या बरोबर डोक्यावर त्याचा होता: ‘शनिवारी नऊला निघू या का?’ त्याला मी उत्तरच दिलं नव्हतं. आणि त्याखाली माझी चार दिवसांची मेहनत:

‘पुढच्या वेळी ते जरा सावकाश घेऊ या का? मला घाई झाल्यासारखं होतं.’

तीनदा वाचलं. मग जिन्यात एकटीच हसले.

ते! तीन मसुदे, आणि मुद्द्याच्या जागी ‘ते’. रात्रभर धाडसाचं श्रेय मात्र घेत होते. बिचारा शनिवारी उशिरा निघायला तयार झालाय. किंवा तसं नाहीही. कदाचित नीट कळलंय आणि त्यालाही शब्द सापडला नसेल. त्याच्या नोट्समध्ये काय पडलंय ते मला काय माहीत.

संध्याकाळी ‘ते म्हणजे’ एवढं टाइप केलं. पुढचा शब्द शोधत बसले होते, तेवढ्यात त्याचाच आला: ‘मग दहा चालतील?’

चालतील, असं लिहिलं. त्यासाठी ‘ते म्हणजे’ पुसावं लागलं.