कुर्डुवाडी गेलं का?

मुंबईहून येणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये पहाटे वरच्या बर्थवरून हा प्रश्न हमखास खाली येतो. खाली बसलेला माणूस खिडकीच्या काळ्या काचेला डोळे लावतो. बाहेर काहीही दिसत नाही. तरी तो छातीठोकपणे सांगतो, ‘आत्ताच गेलं की ओ!’ त्याच्या भरवशावर कुणी पांघरूण काढून चपला शोधायला लागतं, तर कुणी पुन्हा डोळे मिटतं. कुर्डुवाडी ते सोलापूर हे अंतर ७९ किलोमीटरचं. मध्ये वडशिंगे, माढा, वाकाव, अनगर, मलिकपेठ, मोहोळ, मुंढेवाडी, पाकणी, बाळे. मेल-एक्स्प्रेस यातल्या बहुतेक ठिकाणी थांबत नाही, आणि धावत्या गाडीतून पाटी वाचायची म्हणजे नशिबाचा भाग.

आता कुणी म्हणेल, गाडी कुठं आहे ते सांगणारी ॲपं आहेत की. आहेत, आणि चांगली आहेत. इंटरनेट नसलं तरी मोबाइलच्या टॉवरवरून ठिकाण ओळखणारीही आहेत. पण ती देतात स्टेशनांची यादी. माढा गेलं, मोहोळ यायचंय, एवढं कळतं. डाव्या हाताला दिसतंय ते पाणी कुठलं, रुळाशेजारून इतका वेळ पळणारा रस्ता कुठला, होटगीला उजवीकडे फुटलेली लाइन कुठं जाते, हे यादीत नसतं. त्यासाठी नकाशा लागतो, आणि तोही फोनमध्ये उतरवलेला, कारण दौंड सोडल्यावर नेट पाहुण्यासारखं येतं आणि जातं.

रेल्वेचा तपशीलवार नकाशा म्हणून एखादी तयार फाइल मिळेल, या आशेने शोधायला लागलं की निराशा होते. वेळापत्रकात छापलेला नकाशा आकृतीवजा असतो. त्यात मुंबई–चेन्नई लाइन सरळ रेघ होऊन बसते आणि केमजवळचं वळण गायब होतं. वेबवर ओपनरेल्वेमॅप नावाचा नकाशा आहे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून भरलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवरून तो फक्त रूळ, विद्युतीकरण, वेगमर्यादा, सिग्नल असे पदर रंगवून दाखवतो. घरी बसून बघायला तो उत्तम, पण तो ब्राउझरमध्ये नेटवर चालतो. त्याची चित्रं घाऊक उतरवून ठेवणं योग्य नाही. असे नकाशे देणगीवर आणि स्वयंसेवकांच्या सर्व्हरवर चालतात. शिवाय आपल्याकडच्या सिग्नलांची माहिती त्यात अगदी तुरळक आहे. तेव्हा हवा तसा नकाशा आपणच जुळवून घ्यायचा. हे काम अवघड नाही, निघायच्या आदल्या दिवशी घरच्या वायफायवर उरकतं. स्टेशनच्या फुकट वायफायवर विसंबून राहू नये. अर्धा तास फुकट असतो आणि तेवढ्यात महाराष्ट्र उतरेलच याची खात्री नाही.

गुगल मॅप्समध्ये चौकोन आखून नकाशा उतरवता येतो. मोटारीने जाणाऱ्याला तो पुरतो. रेल्वेची रेघ त्यात करडी, बारीक, रस्त्यांच्या गर्दीत दबलेली असते. लहान स्टेशनं खूप जवळ गेल्याशिवाय उगवत नाहीत. ऑफलाइन असताना सार्वजनिक वाहतुकीचे मार्ग तो दाखवतच नाही. गाडीत बसून वाचायला त्यापेक्षा ऑरगॅनिक मॅप्स बरं. ते फुकट आहे, जाहिराती नाहीत, राज्यवार फाइल एकदा उतरवली की झालं. पण मनाजोगता नकाशा हवा असेल तर ऑसमँड हे ॲपच. सुरुवातीला त्याचे पर्याय बघून माणूस बिचकतो, हे खरं. पण रेल्वेसाठी त्यातल्या चार-पाचच गोष्टी लागतात.

पहिली म्हणजे कोणती फाइल घ्यायची ती. सोलापूरकरांनी महाराष्ट्राबरोबर कर्नाटकही उतरवावं. अक्कलकोट रोड, दुधनी ही स्टेशनं महाराष्ट्रात, पण त्यापुढे गाणगापूर रोड कर्नाटकात. होटगीवरून विजयपूरकडे वळलात तरी तीच गत. नुसत्या महाराष्ट्राच्या फाइलवर निघालेल्याचा नकाशा सीमेवर कोरा पडतो आणि निळा ठिपका रिकाम्या पडद्यावर चालत राहतो. ऑसमँडमध्ये प्रत्येक राज्याची ‘फक्त रस्ते’ अशी छोटी फाइलही असते. जागा वाचते म्हणून तिच्या मोहात पडू नये. ॲपच्या मोफत आवृत्तीत किती नकाशे उतरवता येतील याला मर्यादा आहे. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपांच्या दुकानातून घेतलेल्या आवृत्तीत ती नाही.

मग ‘कॉन्फिगर मॅप’मध्ये जाऊन भाषा मराठी करायची आणि अक्षरांचा आकार दीडपट वाढवायचा. हलत्या डब्यात बारीक अक्षरं वाचणं ही शिक्षा आहे. मराठी नाव जिथं कुणी भरलेलं नाही तिथं इंग्रजी दिसेल, त्याला इलाज नाही. म्हणजे इलाज आहे, पण तो पुढे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: नकाशाची दिशा. उत्तर वर ठेवू नका आणि होकायंत्रावरही ठेवू नका. फोनमधलं होकायंत्र चुंबकावर चालतं. लोखंडी डब्यात ते भरकटतं आणि नकाशा उगाच गरगरतो. ‘प्रवासाची दिशा वर’ हा पर्याय निवडला की गाडी जिकडे धावते ते पडद्यावर वर येतं, म्हणजे पडद्यावर डावीकडे दिसेल ते डाव्या खिडकीत. (इंजिनाकडे पाठ करून बसलेल्यांनी हे उलटं धरावं. यावरून जोडप्यांत वाद होतात.)

याचा खरा उपयोग भिगवणला कळतो. पुण्याहून येताना भिगवणपर्यंत उजनीचं पाणी डाव्या हाताला असतं, कारण गाडी भीमेच्या दक्षिण काठाने येते. भिगवण आणि जिंती रोडच्या दरम्यान लाइन पाणी ओलांडते. तिथून पारेवाडी, वाशिंबेकडे तेच पाणी उजवीकडे येतं. फ्लेमिंगो बघायला म्हणून डावी खिडकी धरून बसलेला माणूस ‘संपलं वाटतं’ म्हणून फोन खिशात टाकतो, तेव्हा पलीकडच्या खिडकीत धरण पसरलेलं असतं. नकाशा मोठा करून बघितला तर डिकसळजवळ जुना पूलही सापडतो. उजनीच्या पाण्यामुळे जुनी लाइन हलवावी लागली. रूळ गेले, पूल पुढे रस्त्याच्या वाहतुकीला आला. रूळ उखडलेल्या लाइनी ओपनस्ट्रीटमॅपवर वेगळ्या खुणेने नोंदवता येतात, पण साध्या दृश्यात त्या बहुधा दिसत नाहीत.

चौथं: ‘नेव्हिगेशन’ सुरू करायचं नाही. चूक होते ती बहुतेक इथंच. मार्ग शोधायला सांगितलं की ॲप आपल्याला मोटारीत बसवतं आणि निळा ठिपका ओढून जवळच्या रस्त्यावर चिकटवतं. मोहोळ ते पाकणी हा पट्टा त्यासाठी नामी आहे. पुणे–सोलापूर महामार्ग रुळापासून लांब नाही, त्यामुळे ठिपका लांबोटीच्या रस्त्यावर उडी मारतो आणि ‘यू टर्न घ्या’ म्हणून बाई ओरडायला लागते. नुसता नकाशा उघडा ठेवून ‘माझं ठिकाण’ दाबलं की पुरे.

आता जीपीएस. त्याला नेट लागत नाही, हे अजून पुष्कळांना पटत नाही. फोन विमान मोडवर टाकला तरी उपग्रहांचे संदेश येत राहतात, आणि बॅटरीही वाचते, कारण माळरानावर टॉवर शोधत बसण्यात फोन दमतो. नेट असतं तेव्हा फोन उपग्रहांची ताजी माहिती नेटवरून पटकन घेतो. नसलं तर ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते. एका उपग्रहाची माहिती पुरी व्हायला तीसेक सेकंद लागतात, तीही मध्ये तुटली नाही तर. म्हणून गाडीत बसण्याआधी, पत्र्याच्या शेडबाहेरच्या मोकळ्या फलाटावर उभं राहून एकदा ठिकाण पकडून ठेवावं. एसी डब्याच्या काचेवर धातूचा थर असला तर संदेश क्षीण होतात. फोन काचेला अगदी टेकवून धरला की सहसा काम होतं. मधल्या बर्थवर, पोलादी छताखाली पालथं पडून ठिपका का हलत नाही म्हणून ॲपला शिव्या देऊ नयेत. बॅटरी सेव्हर मात्र बंद ठेवा. तो ठिकाण विचारणं कमी करतो, आणि ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी दहा सेकंदांत पावणेतीनशे मीटर पुढे गेलेली असते. आपण अप लाइनवर आहोत की डाउन, हे मात्र कुठल्याही फोनला विचारू नका. शेजारच्या रुळांमधलं अंतर पाचेक मीटर आणि फोनची चूकही तेवढीच.

इथवर आलं की साधा प्रवासी समाधानी असतो. ज्याला आणखी खाज आहे त्याने ओव्हरपास टर्बो उघडावं. ओपनस्ट्रीटमॅपमधून हवी तेवढीच माहिती गाळून देणारं हे संकेतस्थळ आहे. नकाशा दौंड ते वाडी जंक्शन एवढाच दिसेल असा ठेवायचा. अख्खा भारत पडद्यावर ठेवून मागणी केली की सर्व्हर वेळ संपली म्हणून हात वर करतो. तिथल्या ‘विझार्ड’मध्ये रेल्वे हा टॅग (माहितीवरची चिठ्ठी) आणि स्टेशन ही त्याची किंमत (व्हॅल्यू), दोन्ही इंग्रजीत लिहायची. तेवढ्यावर थांबलात तर हॉल्ट सुटतात, कारण हॉल्टला वेगळी किंमत आहे. म्हणून ‘किंवा’ घालून तीही मागायची. फाटकं हवी असतील तर लेव्हल क्रॉसिंगही. ‘एक्स्पोर्ट’मधून जीपीएक्स, म्हणजे नकाशावरच्या खुणांची, फाइल घ्यायची, फोनवर टाकायची, ऑसमँडने उघडायची. सगळी स्टेशनं नकाशावर ठळक खुणा होऊन बसतात, कितीही लांबून बघितलं तरी दिसतात. काही स्टेशनं कुणीतरी बिंदूऐवजी आकार म्हणून काढलेली असतात, ती छोटं वेटोळं होऊन येतात. त्याची काळजी करू नये.

फोनवर विश्वास नसलेल्यांसाठी रेल्वेने स्वतःच नकाशा खांबांवर लिहून ठेवला आहे. विजेच्या तारांच्या प्रत्येक खांबाला पाटी असते: वर किलोमीटर, खाली त्या किलोमीटरातला खांबाचा क्रमांक. सोलापूर मुंबईपासून ४५५ किलोमीटरवर आणि कुर्डुवाडी साधारण ३७६ वर. म्हणजे पाटीवर ४०० दिसलं की वरच्या बर्थला उत्तर देता येतं, तेही शपथेवर. वेगही कळतो. किलोमीटरचा आकडा बदलल्यापासून पुन्हा बदलेपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि ३६०० ला त्याने भागायचं. ३६ सेकंद म्हणजे ताशी १००, ४५ म्हणजे ८०. वहीच्या एका उभ्या पानावर मध्ये रेघ, रेघेवर स्टेशनं आणि किलोमीटर, डावीकडे-उजवीकडे काय दिसेल ते लिहिलं की झाला नकाशा. मोहोळ सोडल्यावर सीना नदी, कुर्डुवाडीला दोन्ही बाजूंना फुटणारी मिरज–लातूर लाइन. हे पान ना बॅटरी खातं ना हँग होतं. दिवसा हुतात्मा एक्स्प्रेसने जाताना मुलांच्या हातात ते द्यावं. खेळ म्हणून फोनपेक्षा ते कितीतरी सरस आहे.

कुर्डुवाडीचं नाव निघालंच आहे, तर नकाशात तिथं थोडं रेंगाळावं. आजच्या नकाशावर तिथं ब्रॉडगेजची साधी फुली दिसते. पण त्यातली आडवी लाइन मूळची बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी नॅरोगेज. १८९७ साली ती बार्शी रोडहून बार्शीला निघाली आणि पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पसरली. बार्शी रोड म्हणजेच आजचं कुर्डुवाडी. मुख्य लाइन सोलापुरात पोचली १८६० मध्ये, रायचूरला मद्रासकडच्या रुळांशी जोडली गेली १८७१ मध्ये. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशे चाळताना असं बरंच हाती लागतं. सोलापूर शहर जुन्या क्रमांकाप्रमाणे ४७ ओ/१४ या पत्रकावर येतं. एक पत्रक जेमतेम सत्तावीस किलोमीटर लांबीचं, म्हणजे एक्स्प्रेस ते पंधरा-वीस मिनिटांत ओलांडते. गाडीत असली पत्रकं उलगडत बसण्यात अर्थ नाही. ती घरी, टेबलावर, चहाबरोबर.

राहिला तो मराठी नावांचा इलाज. ओपनस्ट्रीटमॅप कुणालाही दुरुस्त करता येतो. खातं उघडायचं, स्टेशन निवडायचं, मराठी नावाच्या रकान्यात देवनागरीत लिहायचं. पाटी डोळ्यांनी बघून लिहावं, दुसऱ्या नकाशावरून उचलू नये, कारण परवान्याचा प्रश्न येतो. दुहेरी झालेली लाइन अजून एकेरी दिसणं, मालधक्क्याच्या साइडिंगा नसणं, हेही तिथंच नीट करता येतं. तेवढं जमत नसेल तर ‘नोट’ टाकावी. दुसरं कुणी बघतं, कधी दोन दिवसांत, कधी वर्षाने. आणि फोनमधल्या फाइली दोन महिन्यांनी नव्याने उतरवाव्यात. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव लाइनचं काम चालू आहे. रूळ पडत जातील तशी नकाशावरची रेघ बदलत जाईल, आणि जुन्या फाइलवर विसंबलेला माणूस तुळजापूरला अजून एसटीनेच निघेल.