तुम्ही विचारलंत म्हणून: लाउडनमध्ये डेटा सेंटरशिवाय आहे काय?

भारतातून फोन आला की हा प्रश्न ठरलेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनची क्लाउड सेवा कोलमडली आणि बातम्यांत उत्तर व्हर्जिनियाचं नाव आलं तेव्हापासून तर जास्तच. लाउडन ही अमेरिकेतल्या याच उत्तर व्हर्जिनियातली आमची काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच म्हणा, आणि डेटा सेंटर म्हणजे इंटरनेट चालवणाऱ्या सर्व्हर कॉम्प्युटरांनी भरलेल्या इमारती. म्हणून एकदा नीट सांगते.

लीसबर्ग या काउंटीच्या मुख्य गावावरून उत्तर-दक्षिण जाणारा रूट १५ हायवे धरा. त्याच्या पूर्वेला ॲशबर्न, स्टर्लिंग, म्हणजे आम्ही सगळे, टाउनहाऊस, देशी किराणा, गणपती, मराठी शाळा आणि डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या त्या भल्यामोठ्या इमारती. पश्चिमेला पार ब्लू रिजच्या डोंगरापर्यंत कुरणं, घोडे, द्राक्षबागा आणि खडीचे कच्चे रस्ते. वॉटरफर्डच्या बाजूला जा, चुना-सिमेंट न वापरता रचलेले दगडी गडगे दिसतील, अगदी आपल्या कोकणातल्यासारखे, आणि समोरून गाडी आली तर एकाला कडेला थांबावं लागतं. हे रस्ते २०२० मध्ये व्हर्जिनियातल्या धोक्यात आलेल्या वारसास्थळांच्या यादीत होते.

मला सगळ्यात जवळची वाटते ती इथल्या मातीची गोष्ट. काउंटी झाली १७५७ मध्ये, पण तंबाखू आणि मक्याची पिकं घेऊन घेऊन पुढे जमिनीचा कस पार गेला, लोक शेतं सोडून जायला लागले. तेव्हा जॉन बिन्स नावाच्या इथल्या शेतकऱ्याने जिप्सम टाकायचं, खोल नांगरायचं आणि क्लोव्हर नावाचं चाऱ्याचं पीक पेरायचं असं वर्षानुवर्षं करून पाहिलं आणि १८०३ मध्ये त्यावर पुस्तक छापलं. तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी ते इंग्लंडला मित्रांना पाठवलं! अर्थात ही समृद्धी सगळी स्वखुशीच्या घामाची नव्हती, ओटलँड्सच्या मळ्यावर गुलाम राबत होते, हेही तितकंच खरं. वॉटरफर्डचे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक मात्र गुलामगिरीच्या विरोधात. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात १८६४ च्या शेवटी उत्तरेच्याच फौजेने इथली कोठारं, गिरण्या, गवताच्या गंजी जाळल्या, आणि त्यात उत्तरेच्या बाजूने असलेल्या क्वेकरांचंही नुकसान झालं.

पुढे दुधाचा धंदा चालला. १९६२ मध्ये डलेस विमानतळ आलं, नव्वदच्या दशकात एओएल ही इंटरनेट कंपनी आली, जवळच इंटरनेट कंपन्यांची जोडणी होती, फायबर होतं, सपाट मोकळी जमीन होती, मग काय, डेटा सेंटर उभी राहिली. १९८० मध्ये सत्तावन्न हजार असलेली वस्ती २०२० मध्ये ४ लाख २० हजार झाली. सर्व्हरवर मिळणाऱ्या टॅक्समधून आमच्या शाळा चालतात, घरपट्टीही त्यामुळे आटोक्यात राहते, त्यामुळे डेटा सेंटर नकोतच असं मी म्हणणार नाही.

हवेचं विचाराल तर आपल्यासारखा वेगळा पावसाळा नाही, वर्षभरात साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस बारा महिन्यांत वाटून पडतो. जुलैत घामाच्या धारा, जानेवारीत रात्री शून्याखाली. द्राक्षवाल्यांचा जीव टांगणीला लागतो तो वसंतात, कोवळे कोंब फुटलेत आणि एका रात्रीत दहिवर गोठलं की त्या वर्षीचं पीक हातचं गेलं. शेतावर पंखे फिरवतात, शेकोट्या पेटवतात, रात्रभर जागतात.

आता पश्चिमेकडच्या या लोकांच्या शेतांवरून हाय टेन्शन लाइनी न्यायच्या गोष्टी चालू आहेत, कारण पूर्वेकडच्या त्या इमारतींना वीज पुरत नाही. २०२५ मध्ये काउंटीने एक चांगलं केलं, आधी ठरावीक झोनमध्ये डेटा सेंटर थेट बांधता यायचं, आता प्रत्येक नव्या प्रस्तावाला जाहीर सुनावणी लागते. पण आधी मंजूर झालेले आहेतच. मला विचाराल तर लाइनी जमिनीखालून न्या, खर्च जास्त येईल तो कंपन्यांनी सोसावा, आणि ॲशबर्नमधल्या आपल्या लोकांनी सुनावणीला जाऊन हे बोललं पाहिजे, कारण ती वीज लागते आपल्याच नोकऱ्यांना आणि शेत जातंय दुसऱ्याचं.