तुम्ही विचारलंत म्हणून: ड्वोर्झाक ऐकताना गॅसवर काय असतं?

"संगीतकाराच्या मुलुखातला पदार्थ करायचा आणि तो शिजत असताना त्याचंच संगीत ऐकायचं, असं तुम्ही करता म्हणे. त्यानं होतं काय? संगीत जास्त कळतं का?"

हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा बसून नीट उत्तर द्यावं म्हटलं. विचारणाऱ्यांच्या दोन तऱ्हा असतात. काहींना वाटतं, तोंडात गोड असलं की सूरही गोड लागतात असं काहीतरी मी सांगेन. काहींना तक्ता हवा असतो: हा संगीतकार, हा त्याचा देश, हा तिथला पदार्थ.

चवीसारखे सूर लागत नाहीत. मला तरी कधी लागले नाहीत. आणि तक्ता म्हणाल तर तो करायला मी स्वतः बसले होते. पहिलं नाव बाखचं घेतलं. योहान सेबास्टियान बाख, जन्म 1685, गाव आयझेनाख, प्रांत थुरिंगिया. थुरिंगियाचा मानाचा पदार्थ म्हणजे बटाट्याचे क्लोसे, मुठीएवढे वाफाळते गोळे, मध्ये तुपात तळलेले पावाचे तुकडे. अर्धी दुपार किसणं, पिळणं, वळणं यात घालवली, त्याच्या चेलोवरच्या रचना लावून ठेवल्या होत्या. गोळे छान झाले. खाता खाता मनात आलं की बटाटा बाखनं लहानपणी खाल्ला तरी असेल का? शोधलं. जर्मन शेतकऱ्याच्या ताटात बटाटा खऱ्या अर्थानं रुळला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि बाख 1750 मध्ये गेला. म्हणजे मी त्याच्या प्रांताचा पदार्थ केला होता खरा, पण त्याच्या पणतवंडांच्या काळातला.

दुसरं नाव फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराचं. हंगेरियन ऱ्हॅप्सडीवाला म्हणून आपण त्याला हंगेरीत बसवतो. त्याचं जन्मगाव आज ऑस्ट्रियात आहे आणि घरातली भाषा जर्मन होती. तिसरा बार्टोक, त्याचं जन्मगाव तर आज रोमानियात. तक्ता मी तिथेच बाजूला ठेवला. देशांच्या सीमा हलतात, भाज्या समुद्र ओलांडून येतात, माणसं गाव सोडतात. जन्मदाखला बघून स्वयंपाक करण्यात अर्थ नव्हता.

तेव्हापासून मी दोनच गोष्टी बघते. या माणसानं हे खरोखर खाल्लं-प्यायलं असेल का, किंवा त्याला याची आस असेल का? आणि पदार्थाला लागणारा वेळ आणि रचनेला लागणारा वेळ एकमेकांत बसतात का? दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिच्यातच आहे. संगीत ‘कळणं’ वगैरे मला सांगता येणार नाही. पण ऐकायला बसलं की मन पाचव्या मिनिटाला उठून दुसरीकडे जातं, हे सगळ्यांचंच होतं. हात पिठात असले की ते जात नाही. मोबाइल घेता येत नाही, भांडं सोडून हलता येत नाही. आणि गॅसवर काहीतरी वेळेवर व्हायचं असलं की वेळेची जाणीव कानात येते, ती घड्याळाकडून येत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण माझ्याकडे आहे ते अंतोनिन ड्वोर्झाकचं, म्हणून तेच जरा सविस्तर सांगते.

ड्वोर्झाक 1841 मध्ये बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, नेलाहोझेवेस गावात जन्मला. वडील खाटीक, शिवाय खाणावळ चालवायचे. 1892 मध्ये तो न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरी या संगीतशाळेचा संचालक म्हणून अमेरिकेला गेला. तिथे आठ महिने काढल्यावर, 1893 च्या जूनमध्ये, सुट्टीसाठी तो आयोवा राज्यातल्या स्पिलव्हिल या लहानशा गावी पोचला. तिथे चेक लोकांनी वसाहत केली होती. न्यूयॉर्कमधला त्याचा सहायक कोवार्झिक याचे वडील तिथे शाळामास्तर होते. रस्त्यात चेक बोली, देवळात चेक भजनं, सकाळी ऑर्गन वाजवायची मोकळीक, कडेला नदी आणि पक्षी. पोचून काही दिवस होतात न होतात तोच त्यानं एफ मेजरमधलं स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चार वाद्यांची रचना, लिहायला घेतलं. कच्चा आराखडा तीन दिवसांत, 8 ते 10 जून. पूर्ण रचना 23 जूनला हातावेगळी. आराखड्याच्या शेवटी त्यानं देवाचे आभार मानून लिहिलंय की मी समाधानी आहे, काम भराभर झालं.

या क्वार्टेटला सगळे ‘अमेरिकन’ म्हणतात. त्यामुळे त्याच्याबरोबर मक्याची कणसं, अ‍ॅपल पाय असं काहीतरी सुचवलं जातं. मला ते पटत नाही. हे संगीत मला तरी परदेशात आपल्या भाषेचं गाव सापडलेल्या माणसाचं वाटतं. म्हणून त्याच्याबरोबर मी करते हौस्कोवे क्नेडलिक, म्हणजे शिळ्या पावाचे तुकडे घातलेला, पिठाचा उकडलेला चेक लोड.

पीठ लागतं अर्धा किलो, मैद्यापेक्षा जाडसर. मी तीन भाग मैद्यात एक भाग बारीक रवा मिसळते. एक अंडं, पाव लिटर कोमट दूध, सात ग्रॅम ड्राय यीस्ट, चिमूटभर साखर, चमचाभर मीठ. पीठ चांगलं मळायचं, हाताला चिकटायचं थांबेपर्यंत. मग शिळ्या पावाचे बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे त्यात दडपायचे, झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवायचं. फुगल्यावर त्याचे दोन-तीन लांबट लोड वळायचे आणि पुन्हा पंधरा-वीस मिनिटं विसावा. तोवर मोठ्या, पसरट पातेल्यात मिठाचं पाणी उकळायला ठेवायचं. इथपर्यंत घरात शांतता असते. मी मुद्दाम काही लावत नाही.

लोड पाण्यात सोडला की क्वार्टेट सुरू. वर व्हायोलिन झुळझुळत असतात आणि सुरावट येते ती व्हायोलाकडून, व्हायोलिनच्या थोरल्या बहिणीकडून, जिला एरवी कुणी पुढे बसवत नाही. ड्वोर्झाक स्वतः ऑर्केस्ट्रात बरीच वर्षं व्हायोला वाजवायचा. झाकण लावायचं आणि उघडायचं नाही. पहिला भाग साधारण नऊ-दहा मिनिटांचा. तो संपला की झाकण काढून लोड एकदा उलटायचा, झटकन, आणि परत झाकायचा. आता दुसरा भाग, लेंतो, म्हणजे संथ. सात-आठ मिनिटं खाली एक हेलकावणारी लय चालत राहते, पाळणा हलवल्यासारखी, आणि वर एकच लांब, उदास सूर. पातेल्यात पाण्याची रटरट मंद केलेली असते. या आठ मिनिटांत करायला काहीच नसतं. झाकणाला हात लावायचा नसतो. मी ओट्याला टेकून उभी असते. इतकं नीट मी कुठल्याही सभागृहात ऐकलेलं नाही.

शेवटी तीच सुरावट चेलोकडे येते, खालच्या पट्टीत, आणि भाग विझतो. तोवर क्नेडलिक झालेला असतो. बाहेर काढून लगेच सुईनं चार-पाच ठिकाणी टोचायचा, म्हणजे आतली वाफ निघून जाते. नाही टोचला तर तो डोळ्यांदेखत बसतो, आणि आत दगडासारखा होतो. माझा पहिला तसाच गेला होता. तिसऱ्या भागात एका पक्ष्याची हाक आहे, स्पिलव्हिलच्या झाडीत ऐकलेली. ती वर, अगदी उंच व्हायोलिनमध्ये येते. आणि चौथ्या भागात कापायचा. सुरीनं नाही, दोऱ्यानं. शिवणाचा पांढरा दोरा लोडाखालून घ्यायचा, दोन्ही टोकं वर आणून एकमेकांवरून ओढायची. सुरी मऊ लोडाला दाबते, दोरा दाबत नाही. दोन सेंटिमीटरची चकती अलगद सुटते, तिच्या अंगावर पावाच्या तुकड्यांची नक्षी दिसते. खाली क्वार्टेटचा शेवटचा भाग धडधडत चाललेला असतो. त्यात काही जणांना आगगाडी ऐकू येते. ड्वोर्झाकला इंजिनांचं वेड होतंच, त्यामुळे मलाही ती ऐकायला आवडते. दोरा ओढायची लय आपोआप तिला लागते.

चकत्यांवर साय घातलेली मश्रूमची दाट ग्रेव्ही ओतायची. मांसाहार करणाऱ्यांकडे याच्याबरोबर भाजलेलं डुकराचं मांस आणि आंबवलेली कोबी असते. पण खाण्याबद्दल मी एवढंच सांगेन. जेवताना मी संगीत लावत नाही. ऐकून झालेलं असतं.

याच्यापुढचा प्रश्न ठरलेला: "एवढं कोण करणार? सोपं काही सांगा." सोपं आहे ना. जोआकिनो रोसिनी. 1829 मध्ये ‘विल्यम टेल’ केल्यावर, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्यानं ऑपेरा लिहिणं थांबवलं. नंतर पॅरिसमध्ये म्हातारपणी पियानोच्या लहान लहान रचना लिहिल्या, त्यांना नाव दिलं ‘म्हातारपणीची पापं’. त्यात चार रचनांचा एक संच आहे आणि त्यांची नावं आहेत मुळे, अँचोवी (खारवलेले छोटे मासे), काकडीचं लोणचं, लोणी. फ्रेंच जेवणाआधी यायची ती बशी. रोसिनीच्या नावानं जगभर खपतो तो गोमांसाचा महागडा तुर्नदो, वर फ्वा ग्रा (बदकाचं किंवा हंसाचं यकृत) आणि ट्रफल (महाग रानटी अळंबी). मला त्यापेक्षा ही बशी जास्त त्याची वाटते, कारण ती त्यानं स्वतः संगीतात मांडून ठेवलीय. शिजवायचं काहीच नाही. कोवळे लाल मुळे धुवून उभे चिरायचे, मऊ लोण्यात बुडवायचे, वर मिठाचे खडे. तोंडात आधी गार लोणी, मग मुळ्याची झणझण. सुरुवात इथून करा.

बाखचंही सोडलं नाही मी. क्लोसे बाद झाले, पण कॉफी राहिली. लाइपत्सिगमध्ये झिमरमानच्या कॉफीहाउसात तो आपल्या मंडळींबरोबर कार्यक्रम करायचा, आणि 1734 च्या आसपास त्यानं कॉफीवरच एक कांताता, म्हणजे वाद्यांसह गायची रचना, लिहिली. बाप मुलीची कॉफी सोडवायला बघतो, ती हजार चुंबनांपेक्षा कॉफी गोड म्हणते, आणि शेवटी लग्नाच्या करारातच कॉफीची अट घालते. त्याची पहिली ओळ आहे: गप्प बसा, बडबडू नका. बाख थुरिंगियाचा, कॉफी अरबस्तानाकडची, पण ती त्या टेबलावर खरोखर होती. मला तेवढं पुरतं. बेथोव्हेनची कॉफी मात्र वेगळी करावी लागते. तो एका कपाला मोजून साठ बिया घ्यायचा, असं त्याच्याकडे वावरणाऱ्या शिंडलरनं लिहून ठेवलंय. शिंडलरच्या सगळ्याच गोष्टींवर भरवसा ठेवू नये, त्यानं पुरावे बनवल्याचं नंतर उघड झालंय. तरी साठ बिया मोजून बघा. मूठभरही होत नाहीत, आठेक ग्रॅम भरतात, आणि कप छान होतो.

आता राहिला पोलिश संगीतकार शोपँ. सध्या माझ्या फ्रिजमध्ये जे भांडं आहे, त्याच्याबद्दल.

1825 मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, शोपँ टोरुन शहर बघून आला आणि मित्राला पत्र लिहिलं. तटबंदी पाहिली, कोपर्निकसचं घर पाहिलं, पण मनात भरला तो तिथला पिएर्निक, मध आणि मसाल्यांचा केक. पुढे पाच वर्षांनी, 1830 च्या नोव्हेंबरात, त्यानं वॉर्सा सोडलं आणि परत कधी पोलंड पाहिलं नाही. माझुर्का, म्हणजे पोलिश लोकनाचाच्या ठेक्यावरच्या पियानोच्या छोट्या रचना, मात्र तो मरेपर्यंत लिहीत राहिला. पन्नासहून जास्त आहेत.

जुन्या पद्धतीच्या पिएर्निकचं पीठ एका दिवसाचं नसतं. मध, साखर आणि लोणी गरम करून गार करायचं, त्यात पीठ, अंडी, दुधात कालवलेला सोडा, आणि दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ, सुंठ. मग कापडानं झाकून गारव्यात सहा आठवडे मुरत ठेवायचं. भाजायचं त्यानंतर. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, याच्याबरोबर ऐकायचं काय? सहा आठवडे चालणारी कुठली रचना आहे? मग लक्षात आलं, आहे की. रोज एक माझुर्का, ओपसच्या, म्हणजे प्रकाशित रचनांना दिलेल्या आकड्यांच्या, क्रमानं. रोज रात्री भांडं काढते, कापड उचलून वास घेते, एक माझुर्का ऐकते, भांडं परत ठेवते. पहिल्या दिवशी प्रत्येक मसाला वेगळा ओळखू येत होता, लवंग सगळ्यांच्या पुढे. आता लवंग मागे सरकलीय. मध आणि सुंठ यांतलं कुठलं काय, हे काल सांगता आलं नाही.

आज तेरावा दिवस, म्हणजे ओपस 17 मधली चौथी, ए मायनर. शोपँ तेव्हा पॅरिसमध्ये होता. ती सुरूच अधांतरी होते, तीन-चार स्वरसमूह, कुठे जायचं ते न ठरलेले. मध्ये थोडा वेळ गावच्या नाचाचा ठेका सापडल्यासारखा होतो आणि निसटतो. शेवटी पुन्हा तेच सुरुवातीचे स्वर येतात, हळू हळू विरतात, आणि समेवर न येताच ती थांबते. मी भांड्यावर कापड बांधून ते परत आत ठेवलंय. उद्या ओपस 24 मधली पहिली.