टेन्शन ‘येतं’, ‘घेतो’ की ‘देतात’? संकथन विश्लेषणाचा माझा अनुभव

तासगाव भागातले द्राक्षबागायतदार नुकसानीबद्दल कसं बोलतात, हा माझ्या एम.ए. मानसशास्त्राच्या प्रबंधिकेचा विषय. पद्धत डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस, मराठीत संकथन विश्लेषण. आठ मुलाखती, मिळून सहा तासांचं रेकॉर्डिंग.

सगळ्यात आधी प्रश्न बदलावा लागला. ‘शेतकऱ्यांना किती ताण असतो?’ हा प्रश्न या पद्धतीत बसत नाही. माणूस बोलण्यातून काहीतरी करत असतो: दोष झटकतो, हक्क सांगतो, अब्रू राखतो. ते तो कसं करतो, एवढंच इथे शोधायचं. जोनाथन पॉटर आणि मार्गारेट वेदरेल यांनी १९८७ साली सामाजिक मानसशास्त्रात हीच भूमिका मांडली. त्यांच्या मांडणीत एकाच माणसाच्या बोलण्यातली विसंगती हा दोष धरत नाहीत. विश्लेषण तिथूनच सुरू करायचं.

मुलाखतीची वेळ पिकाप्रमाणे ठरवा. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर डावणी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांवरच्या फवारण्या सुरू होतात, तेव्हा कुणाला तासभर बसायला सवड नसते आणि फवारणीच्या ब्लोअर यंत्राच्या आवाजात रेकॉर्डिंगही वाया जातं. पावसाळ्यात, घराच्या सोप्यात बसून केलेल्या मुलाखती सर्वांत चांगल्या झाल्या. संमतीपत्र वाचून दाखवताना ‘हा पंचनामा नाही, यातून भरपाई मिळणार नाही’ हे स्वच्छ सांगा. तरीही काही जण तुम्हाला सर्व्हेवाले समजूनच बोलतील. ते बोलणं टाकून देऊ नका. आपण कुणासमोर बोलतोय याचं भान उत्तरात कसं उतरतं, ते तिथेच दिसतं. आत्महत्येचा विषय निघाला तर काय करायचं हे गाईडबरोबर आधीच ठरवा. मी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येकाला कागदावर लिहून देत होते.

ट्रान्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग शब्दशः लिहून काढण्यात, सर्वांत जास्त वेळ जातो. एका मिनिटाला साध्या लिखाणात दहा मिनिटं, विराम मोजून लिहिलं तर वीस. म्हणजे सहा तासांना साठ तास, तेही नुसते शब्द उतरवायला. मी सगळं साधं उतरवलं आणि निवडलेल्या चाळीस मिनिटांनाच संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांची चिन्हं वापरली: कंसात बिंदू म्हणजे ओझरता विराम, कंसात आकडा म्हणजे सेकंद, चौकटी कंस म्हणजे एकमेकांवर चढलेलं बोलणं. देवनागरीत एक अडचण हमखास येते. लांबवलेल्या स्वरासाठी त्या पद्धतीत अपूर्णविराम (:) आहे. मराठीत तो विसर्ग वाटतो. मी त्याऐवजी अवग्रह वापरला, ‘नाऽऽय’ असा, आणि परिशिष्टात तसं नोंदवलं.

भाषा सुधारू नका, हे मी दहादा सांगेन. आवाजावरून आपोआप मजकूर करणारी साधनं ‘हाय’चं ‘आहे’ करतात, ‘म्हंजे’, ‘बगा’ गाळून टाकतात. पण ‘बगा’ कुठे येतं, हाच तर डेटा.

कोडिंगला, म्हणजे उताऱ्यांना खुणेची नावं देऊन गट पाडायला, मी सुरुवातीला ‘कर्ज’, ‘पाऊस’, ‘कुटुंब’ अशी नावं दिली. ते चुकलं. ती विषयांची यादी होते, थीमॅटिक अ‍ॅनालिसिसकडे, म्हणजे काय बोललं त्याचे विषय काढण्याच्या वेगळ्या पद्धतीकडे, झुकणारी. मग क्रियापदांकडे वळले आणि काम हलायला लागलं. ‘टेन्शन येतं’ म्हटलं की ते बाहेरून येणारं, माणूस फक्त सोसणारा. ‘टेन्शन घेतो’ म्हटलं की जबाबदारी घेणाऱ्याची. म्हणूनच ‘टेन्शन घेऊ नकोस’ या वाक्यात धीरही असतो आणि हलकासा ठपकाही. ‘टेन्शन देतात’ म्हटलं की समोर व्यापारी किंवा बँक उभी राहते. तसंच ‘कर्ज काढलं’ आणि ‘कर्ज झालं’. दुसऱ्या वाक्यात कर्जाला कर्ताच उरत नाही. ‘आपण काय करणार’ मधला ‘आपण’ तर ऐकणाऱ्यालाही त्या हतबलतेत सामील करून घेतो. इंग्रजीत अनुवाद करताना यातलं बरंच निसटतं, म्हणून प्रत्येक उताऱ्याखाली तीन ओळी ठेवल्या: मूळ, शब्दशः अर्थ, अनुवाद.

वारंवार येणाऱ्या बोलण्याच्या दोन साच्यांना मी ‘निसर्गापुढं इलाज नाही’ आणि ‘नियोजन चुकलं’ अशी नावं दिली. एकच माणूस दोन्ही वापरत होता. स्वतःच्या बागेबद्दल पहिला, शेजाऱ्याच्या बागेबद्दल दुसरा. गिल्बर्ट आणि मल्के या समाजशास्त्रज्ञांना १९८४ च्या अभ्यासात शास्त्रज्ञांच्या बोलण्यात असंच आढळलं होतं: स्वतःचं मत पुराव्यातून आलेलं, विरोधकाची चूक मात्र त्याच्या स्वभावामुळे किंवा हितसंबंधांमुळे. बागेतला आणि प्रयोगशाळेतला माणूस इथे एकाच रीतीनं बोलतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पहिला मसुदा गाईडनी परत केला. कारणं अंताकी, बिलिग, एडवर्ड्स आणि पॉटर यांनी २००३ च्या लेखात दाखवलेल्या, संकथन विश्लेषणात नेहमी राहणाऱ्या उणिवांशी तंतोतंत जुळणारी: उताऱ्याचा नुसता सारांश, शेतकऱ्यांची बाजू घेणं, उताऱ्यांची रांग आणि खाली दोनच ओळी. बाजू घेण्याचा मोह खरंच आवरत नाही. समोरच्याचं नुकसान डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण ‘समदं गेलं’ हे टोकाचं विधान तो नेमकं कोणत्या प्रश्नानंतर करतो, हे तपासलं नाही तर विश्लेषण झालेलंच नसतं. म्हणून उताऱ्यात माझा प्रश्नही ठेवायला लागले. तेव्हा दिसलं, की ‘ताणतणाव’ हा शब्द सुरुवातीच्या तीन मुलाखतींत मीच आणला होता आणि त्यांची उत्तरं सभेतल्या भाषणासारखी झाली होती. पुढच्या पाच मुलाखतींत ‘औंदा बाग कशी गेली?’ एवढंच विचारलं. टेन्शन हा शब्द त्यांनीच काढला.

शेवटी प्रबंधिकेत अकरा उतारे राहिले. त्यातला एक दोन्ही साच्यांत न बसणारा, मुद्दाम ठेवलेला. तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त प्रश्न त्याच्यावरच आले.