पाहिलं ते पेनानं, ऐकलं ते पेन्सिलीनं

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी चौथीला शिकवते. परिसर अभ्यासात कीटक आले की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, कोळी पण कीटकच ना?" नाही, कीटकाला सहा पाय असतात आणि कोळ्याला आठ, एवढं सांगून धडा पुढं नेता येतो. पण पाय मोजले म्हणजे कोळी कळला असं नाही. तो दिवसभर करतो काय, हे मुलांना बघायला लावायचं मी गेल्या पावसाळ्यात ठरवलं.

वेळ मुद्दाम निवडली. आमच्याकडं पावसाचा खरा जोर सप्टेंबरात. गणपतीच्या सुमारास शाळेच्या कंपाउंडलगत गवत आणि घाणेरी माजते आणि त्यात जाळी दिसायला लागतात. एप्रिलच्या उन्हात हाच उद्योग काढला असता तर वर्गाच्या कोपऱ्यातल्या जळमटांवरच भागवावं लागलं असतं.

पालकसभेत आधी कल्पना दिली. आया गप्प होत्या, पण एक आजी उठल्या. "कोळी मुतला की अंगावर फोड उठतात बाई, पोरांना कशाला त्याच्या नादी लावता?" असे फोड बऱ्याचदा झोपेत अंगाखाली चिरडलेल्या एका बारीक किड्याच्या रसानं उठतात, कधी ती नागीण असते, हे मी त्यांना सांगितलं. पटलं नाही. मग नियम सांगितले: कोळ्याला हात लावायचा नाही आणि कुठलाही दगड उचलायचा नाही. दगडाखाली विंचू असतो, फुरसं असतं, हे सोलापुरात कुणाला समजवावं लागत नाही. त्यावर आजी बसल्या.

आणखी एक नियम फक्त वर्गासाठी होता. प्रत्येकानं कोळ्यांची वही घालायची. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं पेनानं लिहायचं आणि ऐकलेलं पेन्सिलीनं, मग ते आजीकडून ऐकलेलं असो की माझ्याकडून. फोडांची गोष्ट पेन्सिलीनं गेली. जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून जास्त जाती नोंदल्या आहेत, हे मी सांगितलेलंही पेन्सिलीनंच गेलं. चौथीच्या मुलांना पेनानं लिहायची भारी हौस, त्यामुळं पहिल्या आठवड्यातच बाकं रिकामी आणि कंपाउंड भरलेलं.

घाणेरीत एक मोठं जाळं होतं. मधोमध पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची मादी डोकं खाली करून बसलेली आणि तिच्याभोवती पांढऱ्या जाड रेशमाची नागमोडी फुली. एकानं वहीत पेनानं लिहून टाकलं, "या कोळ्याला चार पाय आहेत." सगळे हसले, पण त्याचं काही चुकलं नव्हतं. हा कोळी दोन-दोन पाय जोडून फुलीच्या रेषेत ताणून बसतो, लांबून चारच दिसतात. मी दुरुस्त केलं नाही. भिंग हातात दिलं. थोड्या वेळानं आवाज आला, "प्रत्येकात दोन-दोन हैत बे!" पहिली ओळ खोडायची नाही, तिच्याखाली नवीन लिहायची, हेही तेव्हाच ठरून गेलं. ही फुली कशासाठी? किडे भुलून यावेत म्हणून, की पाखरांना जाळं दिसावं आणि ते फाटू नये म्हणून? शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, असं मी सांगितलं तेव्हा मुलं फारच खूश झाली.

जाळ्याची वीण दिसावी म्हणून इस्त्रीवाल्याकडून पाण्याची फवारणीची बाटली मागून आणली. बारीक तुषार बसले आणि सगळ्या तारा उजळल्या. मग खराट्याच्या हिरानं जाळ्याच्या कडेला हळूच स्पर्श करून बघितलं. मध्याकडं जाणारी सरळ तार हिराला चिकटत नाही; गोल फिरणारी चिकटते आणि ओढली की लांबत जाते. वडील यंत्रमागावर असलेला एक मुलगा पटकन म्हणाला, "मॅडम, आधी ताणा भरला, मग बाणा." मी इतकं नेमकं सांगू शकले नसते. कोळीही आधी सरळ तारा टाकतो, त्यांवरून चालायला एक तात्पुरता बिनचिकट फेरा घालतो आणि मग तो काढत काढत चिकट फेरे विणतो. हे काम बहुधा उजाडायच्या आत उरकलेलं असतं. शाळेमागंच राहणारा एकजण अंधारात उठून ते बघून आला आणि वर्गात एकट्याच्याच वहीत ते पेनानं आहे. त्याचा रुबाब काय सांगावा!

सगळ्यात रंगला तो नादकाट्याचा, म्हणजे ठोकला की थरथरून सूर काढणाऱ्या धातूच्या दुहेरी काट्याचा प्रयोग. १८८० मध्ये चार्ल्स बॉईज या इंग्रज शास्त्रज्ञानं नादकाटा वाजवून जाळ्याला टेकवला होता, तेव्हा कोळी त्यावर धावून आला होता. वरच्या वर्गाच्या विज्ञान पेटीतून आम्ही नादकाटा आणला. पहिल्यांदा मादीनं अख्खं जाळं गदागदा हलवलं. हा तिचा घाबरवण्याचा प्रकार. शांत झाल्यावर परत टेकवला तर ती सरसर आली, पुढच्या पायांनी धातू चाचपला आणि मागं फिरली. "तिला दिसत नाही का?" असा प्रश्न आलाच. दिसतं, पण फार थोडं. तिचा सारा भरवसा तारेच्या थरथरीवर. दुसऱ्या दिवशी जाळ्यात टोळ अडकला, तेव्हा तिनं आधी चावा घेतला नाही. मागच्या पायांनी रेशमाचा रुंद पट्टा ओढत टोळाला गरगर फिरवून गुंडाळलं आणि मग चावली. चावून चावून खाणं तिला जमत नाही. पाचकरस सोडून आतलं पातळ करून शोषते. हे शेवटचं वाक्य अर्थातच पेन्सिलीत.

मधे तपासणी आली, कंपाउंड साफ झालं, घाणेरीही गेली. प्रकल्पाच्या नमुन्यात 'अध्ययन निष्पत्ती' नावाचा रकाना असतो. तो कसा भरला ते विचारू नका. जाळं गेलं म्हणून मुलं कडुनिंबाच्या खोडाकडं वळली. तिथं सालीच्याच रंगाचा, मागं दोन लांब शेपट्या असलेला कोळी सापडला. त्या शेपट्या म्हणजे रेशीम काढायचे अवयव. हा जाळं लावून वाट बघत नाही. मुंगी आली की तिच्याभोवती वेगानं गोल फिरत तिला खोडालाच बांधून टाकतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका मुलीनं मंद्रूपला मामाच्या शेतात बाभळीवर पाहिलेलं वहीत आणलं: वाळली पानं आणि रेशमाचा मळकट गोळा, त्यात खूप कोळी, सगळे एकत्र. हे समूहानं राहणारे कोळी कोरड्या माळावर दिसतात. सावज मोठं असलं तर मिळून ओढतात. आणि पिल्लं मोठी होताना आईलाच खातात, असं मी सांगितल्यावर वर्गात गलका झाला. अर्ध्यांना ते खोटं वाटलं. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, हे पेन्सिलीनंच लिहिते." संध्याकाळी तिनं मामाला फोन लावून बजावलं, की ती बाभूळ एवढ्यात तोडायची नाही. मामानं मला फोन करून विचारलं, "मॅडम, कधीपर्यंत ठेवायची ओ?"