डिडक्टिबलच्या रकान्यातला ५

भूकंपाच्या सिम्युलेशनमध्ये पॉलिसीच्या अटी भरायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं, तेव्हा वाटलं, यात काय एवढं? प्रत्येक इमारतीपुढे डिडक्टिबल (नुकसानीतला विमाधारकाने स्वतः सोसायचा भाग) आणि लिमिट (विमा कंपनी जास्तीत जास्त देईल ती रक्कम) टाकायचं, सिम्युलेशनचा रन लावायचा, मोकळं व्हायचं.

पहिला रन संपला तेव्हा एकूण नुकसान आणि विमा कंपनीने द्यायची रक्कम यांत फरकच दिसेना. बराच वेळ मी मॉडेललाच नावं ठेवली. मग फाइल उघडून एकेक रकाना पाहिला. पॉलिसीत डिडक्टिबल ५ टक्के होतं, मी ५ लिहिलं होतं; पण शेजारच्या 'प्रकार' रकान्यात ० तसाच राहिला होता. आमची फाइल ओपन एक्स्पोजर डेटा या फॉरमॅटमध्ये होती आणि त्यात ० म्हणजे थेट रक्कम. सॉफ्टवेअरने इमानेइतबारे अख्ख्या इमारतीच्या नुकसानीतून पाच वजा केले होते. पाच टक्के नव्हे, नुसते पाच!

टक्के हवे असतील तर ०.०५ लिहायचं आणि प्रकार १ किंवा २ निवडायचा. घाईत मी १ निवडला. आकडे हलले, पण जेमतेम. कारण १ म्हणजे नुकसानीच्या टक्के, २ म्हणजे मालमत्तेच्या एकूण मूल्याच्या टक्के. इमारत १०० ची आणि नुकसान ८ धरा. पहिल्या हिशेबाने ०.४ कापून ७.६ द्यावे लागतात. दुसऱ्याने ५ कापून ३. पॉलिसीत दुसरा प्रकार होता. तो लावला आणि लहानसहान धक्क्यांचे ढीगभर दावे थेट शून्यावर आले.

मधे एक शॉर्टकटही सुचला होता: सगळ्या घटनांच्या, म्हणजे सिम्युलेशनमधल्या एकेका भूकंपाच्या, नुकसानीची सरासरी काढून एकदाच डिडक्टिबल लावायचं, रन वाचेल. सीनियर मॅडमनी कागदावर दोनच आकडे लिहिले, ० आणि २०. "सरासरी १०. डिडक्टिबल १०. मग देणं किती?" मी म्हटलं, शून्य. "आणि वीसवाल्या घटनेत द्यावे लागलेले १० कुठे गेले?" तिथेच शॉर्टकट संपला. वजावट घटनेगणिकच लावायची असते.

लिमिटने वेगळंच छळलं. आतल्या सामानाला संरक्षण नव्हतं, म्हणून तिथे मी लिमिट ० टाकलं. त्या फॉरमॅटमध्ये लिमिट ० म्हणजे मर्यादाच नाही! सामानाचं नुकसान पुरतं भरून देणारी पॉलिसी मी कागदोपत्री तयार करून ठेवली होती.

शेवटी सगळं बाजूला ठेवून एकच इमारत घेतली. मूल्य १००, डिडक्टिबल ५, लिमिट ५०. नुकसानीचे आकडे हातानेच दिले: ०, ४, ५, ८, ६०, ९०. शेजारी एक्सेलमध्ये माझा हिशेब. पहिले चार जुळले. शेवटच्या दोनला सॉफ्टवेअर ५० म्हणत होतं, माझं एक्सेल ४५. मी आधी लिमिट लावून मग डिडक्टिबल कापलं होतं, सॉफ्टवेअरने उलट. पॉलिसीचं कलम पुन्हा वाचलं: लिमिट डिडक्टिबलच्या वर मोजायचं. म्हणजे चूक माझी. एक्सेलमधलं सूत्र दुरुस्त केलं आणि मग कुठे सगळ्या इमारतींचा रन लावला.